धान्याच्या खोलीतला कोपरा

मी संशयी बाई आहे. माझ्या मुली म्हणतात, आई दूधवाल्याच्या सावलीकडेसुद्धा दोनदा बघते. बघते, खरं आहे. पण हा गुण मी माहेरून आणलेला नाही. तो मला सासरी मिळाला, लग्नानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत. दागिना असता तर कधीच मोडीत काढला असता.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या शिलेदारांच्या वस्त्या आहेत, त्यांना गोठ म्हणतात. आमचं घर अशाच एका गोठीत. मधे चौक, चौकात विहीर, मागे धान्याची खोली. सासरचे पूर्वज दख्खनेतून घोड्यांच्या टापांबरोबर आले आणि इथेच राहिले. माझे सासरे, म्हणजे मामंजी, रियासतीच्या पायदळात सुभेदार होते. रियासत मध्यभारत नावाच्या नव्या राज्यात विलीन झाली, फौज कमी झाली, आणि मामंजी पेन्शन घेऊन घरी बसले. बसले म्हणजे शरीरानं बसले. मनानं ते पहाऱ्यावरच होते.

"विलीन म्हणजे काय हो, सूनबाई?" त्यांनी एकदा मला विचारलं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून शब्दांची जबाबदारी माझ्यावर. "मीठ पाण्यात टाकलं की विलीन होतं. मग मीठ कुठे राहतं?"

मी म्हटलं, "पाण्याला चव येते, मामंजी."

"चव पाण्याला. मिठाला काय?" असं म्हणून ते उठून गेले. मला त्यांचं बोलणं पटलं होतं, पण ते कबूल करण्याइतकी मी त्या घरात रुळले नव्हते.

ते दिवसच तसे होते. स्टेशनावर पंजाबातून, सिंधमधून आलेली माणसं उतरत होती आणि त्यांनी सांगितलेलं ऐकून आमच्या बायकांच्या हातातली कामं थांबत. त्यातच दिल्लीतल्या त्या प्रार्थनासभेत जे घडलं ते घडलं. हत्यार आमच्याच शहरातून गेलं, अशी बाजारात कुजबुज सुरू झाली. दाल बाजारात आम्ही मराठीत बोलू लागलो की दुकानदार तराजू धरून जरासा थांबायचा. कदाचित वजनच नीट बघत असेल. पण मामंजी घरी येऊन सांगायचे, "लोकं पाहून राहिलेत."

मग जमाव दारावर चालून आला तर, म्हणून मामंजींनी तयारी सुरू केली. हा त्यांचाच शब्द. धान्याच्या खोलीत गव्हाच्या कोठ्या भरल्या, मिठाची पोती आली, रॉकेलचे डबे, दोरखंड, जुन्या धोतरांच्या पट्ट्या. लढाईच्या दिवसांत विमानांच्या भीतीनं भरलेल्या वाळूच्या बादल्या माळ्यावरून खाली आल्या. शिधा नेहमीच्या दुकानातून एकदम आणायचा नाही, थोडा इथून, थोडा तिथून, म्हणजे कुणाला अंदाज येणार नाही. दाल बाजारातल्या व्यापाऱ्यानं सहज विचारलं, "सूबेदार साहब, घर में शादी है क्या?" तर मामंजींनी त्याच्याकडून धान्य घेणंच बंद केलं. जो विचारतो तो सांगतो, असा त्यांचा हिशेब होता.

आणि गव्हाच्या सगळ्यांत मोठ्या कोठीत, गव्हाच्या खाली, चादरीत गुंडाळून बंदूक होती.

ठासणीची बंदूक. आधी नळीत दारू ओतायची, मग गोळी, मग गजानं ठासायचं. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत माणूस चहा पिऊन यावा. पूर्वी शिलेदारांच्या घरांना हत्यारांची मोकळीक होती. नव्या सरकारनं ती काढून घेतली. परवाना घ्या, नाही तर हत्यार ठाण्यात जमा करा. मामंजींनी तलवारी दाखवून आणल्या. बंदुकीचं विचारलं तेव्हा सांगितलं, ती कधीच विकली.

माझा मोठा भाऊ तेव्हा नुकताच वकिली करू लागला होता. तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, अर्ज करा. तुमच्यासारख्यांना परवाना मिळेल."

"आणि नाही मिळाला तर? आपल्या हातानं सांगून बसलो की आमच्याकडे आहे."

"पण लपवलेली सापडली तर पेन्शन जाईल, तुरुंग होईल."

मामंजींनी त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं चहा अर्धाच ठेवला. त्या दिवसापासून माझा भाऊ त्यांच्या लेखी सरकारचा माणूस झाला.

तयारीची तालीमही असे. रविवारी, 'हे' बिर्लानगरच्या गिरणीतून सुट्टीवर असत तेव्हा. गिरणीच्या कचेरीत कारकून होते ते, आणि आठवडाभर भोंग्यावर धावून दमलेले. मामंजी शिट्टी वाजवत. शिट्टी झाली की ह्यांनी पुढच्या दाराला आडणा घालायचा, सासूबाईंनी चूल विझवायची, मी वाळूची बादली उचलून धान्याच्या खोलीत जायचं. पहिल्या तालमीला मला हसू आलं होतं. पदर खोचून, बादली घेऊन मी धावतेय, सासूबाई भाकरी तव्यावरच टाकून येतायत आणि हे आडण्याखाली बोट चेमटल्यानं ओरडतायत.

तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं की सगळ्यांच्या जागा बदलतात, माझी बदलत नाही. मला नेहमी आतल्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभं करत. तिथून पळायला वाट नव्हती. दारातून येणाऱ्या माणसाला मी आधी दिसणार, आणि दाराशी उभे राहणाऱ्या मामंजींना मी समोर.

"मामंजी, मी दाराजवळ थांबू का? बादली तिथे हवी ना?"

"नाही. तुमची जागा तीच."

"पण का?"

ते खोटं बोलणारे नव्हते. बंदुकीचं सरकारशी बोलले तेवढंच. त्यांनी शांतपणे सांगितलं, मिठाच्या पोत्यांबद्दल सांगावं तसं. "दार तुटलंच, तर बार एकच मिळणार. तो बाहेरच्यांवर फुकट घालवायचा नाही. तुम्ही तरण्या आहात. घराची अब्रू कुणाच्या हाती लागू द्यायची नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातली बादली खाली ठेवावीशी वाटली, पण ठेवता येईना.

सासूबाई दारात होत्या. त्यांनी विचारलं, "आणि मी?"

"तुला विहीर आहे की," मामंजी म्हणाले आणि शिट्टी खिशात टाकून चौकात गेले.

सासूबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली आणि गाईसाठी बाजूला ठेवली.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, बोलून राहिलेत ते. करणार थोडेच!" माझा नवरा वाईट माणूस नव्हता. पण ज्या बंदुकीसमोर आपल्याला उभं राहायचं नसतं, तिच्याबद्दल माणसाला फार विश्वास वाटतो. मला मात्र मामंजींचा पक्का भरवसा होता. ते म्हणाले म्हणजे करतील. माझा राग त्यांच्या भीतीवर नव्हता. भीती मलाही होती. त्यांनी मला न विचारता माझं मरण गव्हाखाली ठेवलं होतं, याचा राग होता.

त्यानंतर माझे कान बदलले. गल्लीत दोन माणसं जोरात बोलली तरी मी आधी मामंजींकडे बघे. बाहेर काय चाललंय याच्यापेक्षा ते उठतायत का, हे मला महत्त्वाचं. फाल्गुनात होळीची पोरं आरडाओरडा करत दारावरून गेली आणि मामंजी खुर्चीतून अर्धे उठले, तेव्हा मी चौक ओलांडून शेजारच्या गच्चीवर जायला किती वेळ लागेल, याचा विचार करत होते. माझ्या तयारीत ती गच्ची होती. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

त्याच सुमाराला देशाची घटना लागू झाली होती. मामंजींनी तिच्याबद्दल ऐकलं होतं आणि त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली. "एवढं मोठं पुस्तक लिहिलंय म्हणतात. हक्कांचं वेगळं प्रकरण आहे म्हणतात. मग त्यात हत्याराचा हक्क असणारच. सूनबाई, तुमच्या भावाकडून आणा आणि वाचा."

भावानं प्रत दिली. इंग्रजी होती. मी दुपारी शब्दकोश घेऊन बसायची आणि मामंजी समोर, हातावर हात ठेवून, कचेरीत बसावं तसे. मी एकेक हक्क सांगत गेले. बोलण्याचा, कुठेही राहण्याचा, कुठलाही धंदा करण्याचा.

"हत्यार?"

"सापडलं, मामंजी." मी म्हटलं आणि ते पुढे सरकले. "लोकांना एकत्र जमण्याचा हक्क आहे. शांततेनं आणि हत्यारांशिवाय."

"शिवाय?"

"शिवाय."

ते बराच वेळ माझ्या बोटाखालच्या ओळीकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बघत राहिले. "नीट वाचा. घाईत वाचून राहिलात तुम्ही." मी पुन्हा वाचलं. खरं सांगायचं तर मला ती ओळ फार आवडली होती. शांततेनं आणि हत्यारांशिवाय. एका खोलीत माणसांनी तसं उभं राहायचं, एवढंच तर माझं मागणं होतं. पण तोंडावर काही दाखवलं नाही.

पुढे धर्माच्या कलमात शिखांच्या कृपाणाचा उल्लेख आला. मामंजींचा चेहरा एकदम उजळला. "पाहा! कृपाण धर्मात बसतं. मग आमच्या खंडेनवमीला काय झालं? हत्याराची पूजा हा आमचा धर्म. हत्यारच नसलं तर पूजा कशाची? लाकडाची?"

मुद्दा खोटा नव्हता. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "कलमात कृपाण लिहिलंय, बंदूक लिहिलेली नाही. पूजा करायला कुणी अडवत नाही, परवाना काढून करा." मी घरी येऊन तसंच सांगितलं. मामंजी म्हणाले, "म्हणजे तुम्ही त्याला सांगितलंत की बंदूक अजून घरातच आहे."

"नाही, मामंजी. मी नुसतं कलम विचारलं."

"वकिलाला कलम विचारलं की त्याला घर कळतं."

श्रावण सरता सरता ठाण्यातून एक शिपाई आला. गोठीतल्या सगळ्याच फौजी घरांत तो जाऊन आला होता, आमच्या शेजारीही गेला होता. पण मामंजींना फक्त आपलं दार दिसलं. शिपाई पाणी पिऊन, दोन प्रश्न विचारून गेला. त्याच्यामागे दार लावून मामंजी वळले. सासूबाई, हे आणि मी, तिघं चौकात होतो, पण त्यांनी बघितलं माझ्याकडेच.

"घरातून बातमी जाऊन राहिली आहे."

मग त्यांनी दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

"सूनबाई, तुमच्या भावानं आता या घरी यायचं नाही. तुम्हीही जायचं नाही. आणि ती बंदूक ज्या दिवशी या घरातून जाईल, त्या दिवशी तुम्हीही माहेरी जाल. कायमच्या."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे बघत होते.

तर अशी माझी स्थिती. बंदूक राहिली तर तो कोपरा माझा, गेली तर घर नाही. माहेरी परत आलेल्या मुलीचं त्या काळात काय होई, ते मी वेगळं सांगायला नको. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. आमच्या चौकात तर विहीर खरीच होती. मी तेव्हापासून देवाकडे नेमकं काय मागावं हेच मला कळेना.

संशयाची एक गंमत असते. एकदा आपल्यावर आला की आपणही इतरांवर घ्यायला लागतो. मी विचार करू लागले, बातमी खरंच गेली असेल तर कुणी दिली? ह्यांनी, गिरणीत गप्पा मारताना? भावानं, माझ्या भल्यासाठी? रोज रात्री ह्यांचं ताट वाढताना मी त्यांचा चेहरा तपासायची. त्यांना वाटायचं बायको प्रेमानं बघतेय.

नवरात्र आलं. गोठीतल्या बायका एकमेकींकडे हळदीकुंकवाला जात. ठाण्याला नवे थानेदार आले होते, हिंदी मुलखातले, आणि त्यांची बायको आमच्या मागच्या गल्लीत राही. सासूबाई म्हणाल्या, "नवी बाई आहे, एकटी आहे, बोलवायला पाहिजे." मामंजींनी नाराजीनं हो म्हटलं, सवाष्णीला नाही कसं म्हणणार? ती येऊन गेली. मग तिच्याकडे सासूबाई गेल्या. मला नेलं नाही. "तू राहा, दूध उतू जाईल." दूध तर सकाळीच तापवून झालं होतं.

बऱ्याच उशिरानं त्या परत आल्या. कपाळावरचं कुंकू नेहमीपेक्षा मोठं, बोटभर रुंद. चेहरा मात्र ताप उतरलेल्या माणसासारखा. मी विचारलं, "एवढा वेळ?" त्या म्हणाल्या, "तिला मराठी येत नाही, मला तिची हिंदी येत नाही. वेळ लागतो." ग्वाल्हेरात जन्मलेली बाई आणि हिंदी येत नाही! माझ्या मनात काहीतरी खटकलं, पण सासूबाईंवर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. ज्या बाईनं नवऱ्यापुढे कधी मान वर केली नाही तिच्यावर कोण संशय घेतो?

खंडेनवमीला मामंजींनी देवघरापुढच्या खोलीत पडदा लावला आणि गव्हातून बंदूक काढली. नळीतून गव्हाचे दाणे पडले ते त्यांनी एकेक वेचले. तेल लावलं, पुसली, आणि मग आमच्यादेखत दारू आणि गोळी ठासली. आमच्या घरी भरलेल्याच बंदुकीची पूजा व्हायची. रिकामं हत्यार म्हणजे उपाशी देव, असं म्हणत. पाटावर लाल कापड, त्यावर तलवारी, बंदूक, झेंडूची माळ, हळदकुंकू. कोहळा कापला. आणि घराण्याचा नेम असा, की नवमीला हळदकुंकू वाहिलेलं हत्यार दसऱ्याला सोनं वाटून झाल्याखेरीज जागचं हलवायचं नाही. काही झालं तरी नाही. मामंजींच्या आजोबांनी घराला आग लागली तेव्हासुद्धा हलवलं नव्हतं, म्हणे.

दसऱ्याच्या संध्याकाळी शमीची पूजा करून पुरुष परतले, दिवे लागले. लोक आपट्याची पानं घेऊन येऊ लागले. मामंजी बाहेरच्या बैठकीत बसून सगळ्यांना तिथेच सोनं देत-घेत होते. आत कुणालाच सोडत नव्हते. पडद्याशी हे उभे होते.

तेवढ्यात थानेदार आले. गणवेशात नव्हते, धुतलेलं धोतर, कुर्ता. बरोबर बायको. मामंजी उठून उभे राहिले, नमस्कार झाले, आणि मामंजींनी पानं पुढे केली.

सासूबाई आतून बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर त्या कधी येत नसत. पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आधी देवाला आणि हत्यारांना सोनं, मग माणसांना. आमच्या घरची रीत आहे. या." आणि ह्यांच्या हातातून पडदा घेऊन बाजूला केला.

रीत होतीच. मामंजींना ती मोडता येईना. दसऱ्याच्या पाहुण्याला देवापासून अडवणारा माणूस त्या गोठीत जन्मायचा होता. थानेदार आत गेले. थानेदारीण सासूबाईंकडे बघून किंचित हसली. ते हसू मी बघितलं, आणि मग मला कपाळावरच्या त्या रुंद कुंकवाचा अर्थ लागला.

थानेदार पाटासमोर उभे राहिले. तलवारींवर पान ठेवलं. बंदुकीवर पान ठेवताना हात थांबला, पण ठेवलं. हात जोडले. मग मामंजींकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "सूबेदार साहब, आज मैं मेहमान हूँ। कल सुबह थानेदार हूँ। आप खुद लेकर आएँगे तो एक बात है, हमें लेने आना पड़ा तो दूसरी।" पानं घेतली, वाकून मामंजींना नमस्कार केला आणि गेले.

मामंजींनी पुढचं दार लावलं. पाटाजवळ गेले, माळ काढली आणि बंदूक उचलली. सोनं देऊन झालं होतं, आता हलवता येत होती. भरलेली होती, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई, सामान बांधा."

मी म्हटलं, "मामंजी, मी सांगितलं नाही." माझा आवाज मलाच खोटा वाटला. संशयात राहून राहून माणसाचा खरा आवाजही खोटा होतो. आणि मला माहीत होतं कुणी सांगितलं ते, पण माझ्या तोंडून ते नाव निघणं शक्य नव्हतं.

"बांधा म्हणतो ना!"

"ती कुठे जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "मी सांगितलं. थानेदारणीला, हळदीकुंकवाला गेले तेव्हा. दसऱ्याला या म्हटलं, त्या दिवशी ती हलवत नाहीत."

मामंजींना ऐकू आलं नसावं असं वाटलं. मग म्हणाले, "तू?"

"मी."

"का?"

सासूबाईंनी पदर नीट केला. "एकच बार आहे म्हणालात. तो हिच्यासाठी. मला विहीर. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी काढून मी तुम्हाला देऊन राहिले. तुम्ही मला तीच दाखवलीत. बाहेरचे कधी येतील, येतील की नाही, मला पता नाही. पण घरात बंदूक कुणाकडे तोंड करून आहे, ते मला दिसत होतं."

हे भिंतीला टेकून खाली बसले.

मामंजी बंदूक घेऊन उभेच होते. मग ते चौकात गेले. ठासलेला बार उलटा काढणं फार खटपटीचं असतं, आणि भरलेलं हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांचा फौजी नेम. त्यांनी नळी आकाशाकडे धरली आणि बार उडवला. विहिरीत आवाज घुमला, कबुतरं उडाली, चौकात दारूचा वास भरला. गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "वाह, सूबेदार साहब! दशहरा मुबारक!"

मी धान्याच्या खोलीच्या दाराशी उभी होते. माझा बार वर निघून गेला, असं मला वाटलं आणि मी तिथेच रडले. मोठ्यानं रडले. सासूबाई आल्या, त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. म्हणाल्या, "चल, पुरणपोळ्या गार होऊन राहिल्यात."

सकाळी मामंजी फेटा बांधून, बंदूक धोतरात गुंडाळून स्वतः ठाण्यात गेले. थानेदारांनी शब्द पाळला. स्वखुशीनं जमा, असं लिहिलं. पेन्शन राहिली. मीही राहिले, माहेरी जाण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. मामंजी मात्र सासूबाईंशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. सासूबाईंना त्याचं फारसं काही वाटलं असं दिसलं नाही.

पुढच्या वर्षापासून खंडेनवमीला आम्ही ताट घेऊन ठाण्यात जायला लागलो. पोलिसांचीही शस्त्रपूजा असते. त्यांच्या रायफलींच्या रांगेत शिपाई आमची बंदूक आणून ठेवी, मामंजी हळदकुंकू वाहत, आणि रिकाम्या हातांनी आम्ही परत येत असू. गव्हाची कोठी हळूहळू नेहमीएवढी झाली. वाळूच्या बादल्यांत सासूबाईंनी तुळस लावली. शिट्टी माझ्या थोरलीनं खेळून हरवली.

मग राज्यं नव्यानं मांडली गेली. मध्यभारत गेला, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला ठरली. शहराच्या मधल्या बाड्याभोवतीच्या सरकारी कचेऱ्यांतून बैलगाड्या भरभरून सामान स्टेशनाकडे जाऊ लागलं. ठाण्यातून निरोप आला, की जमा हत्यारं आता परवाना काढून घरी न्यावीत, नाही तर ती सरकारच्या कोठारात जातील, मग मिळणार नाहीत. परवाना आता सहज मिळत होता. माझा भाऊ म्हणाला, एका अर्जाचं काम आहे.

मामंजी थकले होते. जेवताना त्यांनी मधेच हात थांबवला. मी वाढत होते.

"सूनबाई, आणू का घरी?"

त्या घरात तोपर्यंत मला माझ्या मनातलं कुणी विचारलं नव्हतं. भाजी कुठली करायची हेसुद्धा नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. जुन्या सवयीनं आधी संशयच आला, की यात काय डाव आहे? डाव नव्हता. म्हातारा माणूस ताटावर बसून उत्तराची वाट बघत होता.

"नको, मामंजी," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले आणि भात कालवू लागले.

चुलीपाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "बंदुकीचं तिला विचारलंत. विहिरीचं मला विचारा."

मामंजींनी विचारलं नाही. जेवण झाल्यावर हात धुवायला विहिरीवर गेले आणि काठाशी बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी हजीऱ्याहून एक लोहार घेऊन आले. त्यानं माप घेतलं आणि त्याच आठवड्यात विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. पाणी काढायला मधे भोक ठेवायला हवं होतं. मामंजींनी स्वतः उभं राहून ते करून घेतलं, बादली जाईल एवढंच.